पुस्तकात नसलेली बाई

अन्याय झाला तो वच्छलाबाईवर, राहणार केनवड, आणि तिच्यासोबत खडीच्या कामावरच्या एकतीस माणसांवर. केव्हा झाला? गेल्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, पोस्टमनने सायकल बाभळीला टेकवली आणि वाङ्मय मंडळाचं कार्ड वच्छलाबाईच्या हातात दिलं तेव्हा. कार्डावर दोन वाक्यं होती. चौथ्या दिवशी, रविवारी, वच्छलाबाई गेली.

कार्डाने माणूस मरत नाही. तिला ऊन लागलं. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की पोरगं मेलेल्या बाईचं भांडवल करतंय. पण त्या दोन वाक्यांचा अन्याय झाला तो झालाच, आणि त्याचं उत्तर मागायला आता ती नाही.

वच्छलामावशी, कोणावर आणि केव्हा हे पहिल्या ओळीत लिहायला मला तूच शिकवलंस. संघटनेसाठी लिहिलेलं माझं पहिलं पत्रक तू खडीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलंस आणि मग मला बोलावून म्हणालीस, “येशवंता, चौथ्या ओळीले सखू झोपली. सातव्या ओळीले मले झोप आली. निषेध निषेध करून राह्यला तू, पन कोनाले काय झालं ते सांगतच नाई!” बायका इतक्या हसल्या की मुकादम बघायला आला. त्या दिवसापासून तू मला ‘पत्रकवाला’ म्हणायला लागलीस. माझ्या सख्ख्या आईनेही मग तेच नाव उचललं.

तुझा जन्म कधीचा, सातवी कुठे झालीस, संसार कसा केलास, हे मी लिहिणार नाही. ते जलदानाच्या विधीला कोणीतरी उभं राहून सांगेलच, आणि चांगलंच सांगेल. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि अर्धं भांडण टाकून निघून जायची तुझी पद्धत नव्हती.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सुरुवातीपासून लिहितो.

मोठ्या शहरातल्या एका वाङ्मय मंडळाने विज्ञानकथेच्या पुस्तकासाठी पुरस्कार ठेवला. पाच पुस्तकं शेवटच्या फेरीत आली. मंडळाने ठरवलं की केवळ परीक्षकांचं नको, वाचकांचंही मत घ्यायचं, खेड्यातल्या वाचकांचंसुद्धा. म्हणून त्या पाच पुस्तकांचा एकेक संच गावोगावच्या वाचनालयांना पाठवला, सोबत छापील अभिप्रायपत्रिका: नाव, गाव, पुस्तकांचा क्रम, पसंतीचं कारण, सही. आमच्या भागातला संच वाचनालयाच्या कपाटावर सुतळीसकट पडून होता. तिथले गृहस्थ म्हणाले, “चंद्र-ताऱ्यांची पुस्तकं इथं कोण वाचतंय? नेतोस तर ने.”

मी नेला. मावशी, खरं आज लिहितो. मी पुस्तकांसाठी नाही नेला. मला त्यात पत्रक दिसलं. ‘खडी फोडणारेही विज्ञान वाचतात’ हे शीर्षक रस्त्यातच, सायकलवर, माझ्या डोक्यात तयार झालं होतं. मी मंडळाला पत्र टाकलं: आमच्याकडे दुष्काळी कामावर वाचून दाखवणारी एक बाई आहे, ऐकणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना अक्षर येत नाही, त्यांची मतं चालतील का? जाड कागदावर उत्तर आलं. ‘अवश्य चालतील. आमच्या मते श्रोता हाही वाचकच. सहीऐवजी अंगठा असल्यास हरकत नाही.’ ते पत्र माझ्याजवळ आहे. मी ते जपून ठेवलं आहे, आणि ज्याला बघायचं त्याला दाखवीन.

मग मी संच तुझ्यापुढे ठेवला. तू तेव्हा दुपारची भाकर सोडत होतीस. म्हणालीस, “हे कायचे पुस्तक व्हय?” मी म्हणालो, पुढच्या काळातले. अजून घडलं नाही ते लिहिलंय. तू पाचही हातात घेऊन वजन केल्यासारखं केलंस. “म्हंजे खोटं.” मी म्हणालो, खोटं नाही, कल्पना. “बरं,” तू म्हणालीस. “आधी आईकू त सही.”

तुझं वाचन सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षावासाचे तीन महिने विहारात तूच ग्रंथ वाचायचीस. त्या वाचनाचा एक नियम होता. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, पण लेकरांनासुद्धा माहीत होता. पुस्तक डोळ्यांपुढे वर धरलं की बोलतंय ते पुस्तक. मांडीवर ठेवलं की बोलते आहे ती वच्छला. वर धरून चार ओळी वाचायच्या, मांडीवर ठेवून त्यांचा अर्थ सांगायचा, पुन्हा वर धरायचं. कोणाला शंका विचारायची असली तर पुस्तक मांडीवर यायची वाट बघायची. ग्रंथ चुकला असं कोणी म्हणायचं नाही, पण तुझा अर्थ चुकला असं कोणीही म्हणू शकायचं, आणि म्हणायचेही.

खडीवर तीच रीत चालली. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली तू बसायचीस आणि भोवती आपल्या वस्तीचे लोक. दुसऱ्या झाडाखाली बाकीच्या गावाचे लोक जेवायला बसायचे. काम एकत्र, दगड एकच, मुकादमाच्या शिव्याही एकच, पण सावली वेगळी. पहिल्या पुस्तकाच्या वेळी सखूबाई त्या झाडाखालून ओरडली, “वच्छला, जरा मोठ्यानं वाच ना वं!” तू पुस्तक मांडीवर ठेवलंस. “माह्या गळ्याले काय भोंगा लावला काय? इकडे ये, तुले कोनी खात नाई.” ती आली नाही. दुसऱ्या पुस्तकाला दोन्ही झाडांच्या मधल्या उन्हात येऊन बसली, डोक्यावर पदर ओढून. तिसऱ्याला आपल्या सावलीत. तिच्यामागे आणखी सात-आठ बाया आल्या. असलं काम माझ्या एकाही पत्रकाने आजवर केलेलं नाही.

पुस्तकांची छापील नावं कोणी लक्षात ठेवली नाहीत. लोकांनी आपली नावं दिली. गोळीचं, चांदाचं, यंत्रमानसाचं, मागं जायाचं आणि पावसाचं.

गोळीच्या पुस्तकात पुढच्या शतकातली माणसं सकाळी एक गोळी खातात आणि दिवसभर कोणाला भूक लागत नाही. लेखकाला वाटलं, हे ऐकून उपाशी माणूस नाचेल. सखूबाईचं मत मी शब्द न बदलता उतरवून घेतलं: “गोळीनं भूक गेली त मुकादम म्हनीन, घ्या गोळी, मजुरी कायले पायजे? हे पुस्तक मुकादमाले दाखवू नोका.”

चांदाच्या पुस्तकात चंद्रावर वसाहत होते. डॉक्टर, इंजिनियर, त्यांच्या बायका, काचेचे घुमट. आणि एक रामू, जो सगळ्यांची भांडी विसळतो. रामू कोण, कुठला, पृथ्वीवर त्याचं कोण आहे, हे दोनशे पानांत एकदाही येत नाही. आपल्या नामदेवबाबांनी दोन दिवस नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी तू पुस्तक मांडीवर ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “चांदाची एक बाजू कायम अंधारात राह्यते म्हन्ते ना वो बाई? मंग त्या रामूचं घर कोन्या बाजूले हाय?” तू म्हणालीस, पुस्तकात लिहिलेलं नाही. “लिवाची गरज नाई,” बाबा म्हणाले. “समजलं.”

यंत्रमाणूस बंगल्यात झाडतो, धुतो, खातपीत काही नाही. कोणीतरी विचारलं, त्याला पाणी कुठल्या विहिरीवर भरू देतात? “त्याले पानी लागतच नाई,” तू म्हणालीस. “म्हून त ठेवला त्याले घरात!” मागून उत्तर आलं. किती वेळ हसत होतो आपण. मी ते सगळं पत्रिकांवर उतरवत होतो आणि मनात म्हणत होतो, शहरातले परीक्षक हे वाचतील तेव्हा खुर्चीवरून उठतील.

मागं जायाच्या पुस्तकावर फार बोलणं झालं नाही. त्यात माणूस यंत्रात बसून पेशवाईत जातो आणि त्याला तिथे फार आवडतं. आपल्याकडून एकच मत आलं: “तो जाऊ दे. आमाले नेऊ नोको.”

राहिलं पावसाचं.

त्याची सुरुवात सगळ्यांनी श्वास रोखून ऐकली, कारण त्यात आपलाच मुलूख होता. दुष्काळ पडलेला जिल्हा, फुटलेली जमीन, आणि टेकडीवर एक शास्त्रज्ञ, जो ढगातून पाऊस पाडायचं यंत्र बांधतोय. आठ दिवस वाचन चाललं. वाचनात यंत्र पुरं व्हायच्या आदल्या दिवशी मी वाशीमला मोर्च्याच्या तयारीला गेलो. शेवटचं प्रकरण ऐकायला मी नव्हतो. परत आलो तेव्हा खडीवर वेगळीच हवा होती. बायांनी रिकाम्या टोपल्या डोक्यावर पालथ्या धरल्या होत्या आणि एकमेकींना म्हणत होत्या, “भिजशीन वं, भिजशीन!” आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. नामदेवबाबा हातोडा बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत बसले होते. मुकादम शिव्या देत होता आणि कोणी ऐकत नव्हतं.

मी विचारलं, काय झालं? सखूबाईने सांगितलं. पाणी मागायला आलेली माणसं टेकडीवर जातात. पुढे एक बाई असते, हातात दगड. ती शास्त्रज्ञाला म्हणते, दगड आम्ही रोज फोडतो, मारायचा असता तर कधीच मारला असता, आधी मशीन कशी चालते ते सांग. ती दगड खाली ठेवते. तो तिला शिकवतो. आणि शेवटी ती बाई मशीन चालवते आणि पाऊस पडतो.

मी विचारलं नाही की मावशी, हे खरंच असं आहे का. पुस्तक तिथेच होतं, तुझ्या पिशवीत. मी उघडलं नाही. मला पत्रिका भरायची घाई होती. एकतीस जणांनी पावसाच्या पुस्तकाला पहिला क्रमांक दिला. कारणाच्या रकान्यात मी लिहीत गेलो: ‘त्या बाईने दगड खाली ठेवला ते पटलं.’ ‘मशीन शिकायला सातवी पास लागत नाही हे बरं केलं.’ ‘पहिल्यांदा पुस्तकात आमची बाई शहाणी निघाली.’ एकेकाचा अंगठा शाईच्या गादीवर दाबून मी कागदावर उमटवला. तू बाजूला बसून बघत होतीस. शेवटची पत्रिका तुझी होती. तू सही केली नाहीस. म्हणालीस, “मी वाचनारी हाव, माह्यं मत कायले?” मला तो तुझा नम्रपणा वाटला. एवढा मी हुशार.

चैत्रात निकाल आला. पावसाच्या पुस्तकाला पुरस्कार. मंडळाच्या अंकात मोठा लेख होता आणि त्यात चौकटीत एक ओळ: ‘दुष्काळी कामावरच्या निरक्षर श्रमिकांनीही याच पुस्तकास एकमुखाने कौल दिला.’ बास. गोळीवरचं सखूबाईचं मत नाही, रामूच्या घरावरचा बाबांचा सवाल नाही. तरी मी खूश होतो. पत्रकात पुस्तकातला उतारा टाकावा म्हणून वाचनालयातून ते परत आणलं आणि पहिल्यांदा शेवटचं प्रकरण वाचलं.

त्यात ती बाई आहे. केस पिंजारलेली, किंचाळणारी. ती दगड खाली ठेवत नाही. पहिला दगड तीच मारते. मागचा जमाव यंत्र फोडतो, शास्त्रज्ञ त्याखाली चिरडून मरतो, भरून आलेला ढग निघून जातो. आणि शेवटचं वाक्य असं की खरा दुष्काळ पाण्याचा नसून बुद्धीचा आहे.

आपल्याच माणसांच्या अंगठ्यांनी मी त्या वाक्यावर शिक्के मारून पाठवले होते.

त्या दुपारी मी तुझ्याशी कसा बोललो ते इथे लिहितो, कारण ऐकणारे सगळे होते आणि लपवून उपयोग नाही. मी पुस्तक तुझ्यासमोर मातीत टाकलं. म्हणालो, पुस्तक वर धरून खोटं बोललीस. विहारातला नियम मोडलास. लोकांनी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तू त्यांच्या हाताने त्यांच्याच तोंडात मारवली.

तू पुस्तक उचललंस, पदराने पुसलंस. म्हणालीस, “मातीत कायले टाकतं? वाचनालयाचं हाय.”

मी ओरडलो, उत्तर दे. तू म्हणालीस, “तू होता काय तठी? पाच पानं राह्यले होते. सगळे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. सखूच्या हातात दगड होता, तिचं काम चालू होतं. आन् पुस्तकात लिवलं होतं, दगडवाली बाई मानूसमारी हाय. मी कशी वाचू ते तिच्या तोंडावर? तू वाचलं असतं?”

मी म्हणालो, हो, वाचलं असतं. सत्य ते सत्य.

“मंग वाचाचं होतं ना,” तू म्हणालीस. “पुस्तक त तुह्याच पिशवीतून आलं. पत्रिका भरताना तुह्याच हाताशी होतं. तू काहून नाई वाचलं, पत्रकवाल्या?”

मी निघून आलो. तेरा दिवस मी खडीच्या बाजूला फिरकलो नाही. लोकांना सांगत होतो, वच्छलामावशीने घात केला. हे मी म्हणालो आहे, मावशी, चार ठिकाणी म्हणालो आहे, आणि ज्या चार ठिकाणी म्हणालो तिथे जाऊन परत घेईन. तू ऐकायला नाहीस, एवढाच फरक.

मी नसताना तू काय केलंस ते सखूबाईने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी लिंबाखाली तू सगळ्यांना बसवलंस आणि शेवटचं प्रकरण छापलंय तसं वाचलंस. पहिला दगड, यंत्राचा चुरा, बुद्धीचा दुष्काळ. एक शब्द गाळला नाहीस. सखूबाई म्हणते, पान उलटायला तुला वेळ लागत होता. मग तू पुस्तक मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, “हे त्यायचं. त्या दिवशी आईकलं ते माह्यं होतं. वर धरून सांगतलं, चुकली मी. तुमच्या अंगठ्याचं पाप माह्यावर.”

एक-दोघी उठून दुसऱ्या झाडाखाली गेल्या. सखूबाईला मी विचारलं, तुला राग आला नाही का? ती म्हणाली, “आला ना. वच्छलेचाबी आला, पुस्तकवाल्याचाबी आला. पन वच्छलेनं तोंडावर येऊन सांगतलं. तो पुस्तकवाला कवा येनार हाय सांगाले?” आणि मग तिनेच म्हटलं, “वच्छला, तुह्या बाईले दिला होता आमी अंगठा. त्यायच्या बाईले नाई. आमचे अंगठे वापस मंगव.”

तू पत्र लिहिलंस. स्वतः, तुझ्या सातवीच्या अक्षरात. मला विचारलं नाहीस. नक्कल ठेवली नाहीस, म्हणून मी शब्द देऊ शकत नाही. सखूबाईच्या आठवणीप्रमाणे त्यात होतं: चूक माझी, मी वाचताना शेवट बदलला. लोकांची चूक नाही. त्यांना आता खरा शेवट कळला आहे आणि त्यांना आपलं मत मागे घ्यायचं आहे. तसं अंकात छापावं.

बुधवारी उत्तर आलं. तू एका पोराला पाठवून मला बोलावलंस. तेरा दिवसांनी मी तुझ्यासमोर उभा राहिलो. ‘बसतं काय’ नाही की ‘कुठी होता’ नाही, सरळ कार्ड हातात दिलंस. “मोठ्यानं वाच. सगळ्यायले आईकू जाऊ दे.”

मी वाचलं. ‘पुरस्काराचा निर्णय अंतिम आहे. शिवाय ज्यांनी पुस्तक स्वतः वाचलेले नाही अशा श्रोत्यांना वाचक मानता येत नसल्याने त्यांच्या मतबदलाची नोंद घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’

अंगठा देताना वाचक. परत मागताना वाचक नाही. एकाच मंडळाची दोन पत्रं आहेत, एक जाड कागदावर, एक कार्डावर.

नामदेवबाबा म्हणाले, “म्हंजे आपन दिलं ते त्यायचं झालं.” आणि हातोडा उचलून कामाला लागले.

मी पेटलो. म्हणालो, मावशी, पत्रक काढतो. दोन्ही पत्रं समोरासमोर छापतो. असं पत्रक काढतो की मंडळाला तोंड लपवायला जागा उरणार नाही. तू म्हणालीस, “काढ. पन माह्यं खोटंबी त्यात लिव.”

मी म्हणालो, नाही. त्याने आपली बाजू कमजोर होते. ते म्हणतील, यांची वाचणारीच लबाड.

“म्हनू दे. सांगाचं त सगळं सांग. त्यायनं अर्धं छापलं, तूबी अर्धंच छापतं काय?”

मी म्हणालो, पत्रक कसं लिहायचं हे मला कळतं. तू म्हणालीस, “मंग नोको काढू. माह्या नावानं त नोकोच काढू.” आणि वळून दगडाच्या ढिगाकडे गेलीस. मी तुझ्या पाठीकडे बघत म्हणालो, “तुझंच ऐकलं म्हणून तर हे झालं.” तू वळली नाहीस. ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. हे मी तुला बोललेलं शेवटचं वाक्य.

रविवारी कामाला सुट्टी नव्हती. दुपारी बारानंतर तू म्हणालीस, डोळ्यांपुढे पिवळं पिवळं दिसतंय. सखूबाईने कांदा फोडून नाकाशी धरला, पदर ओला करून डोक्यावर ठेवला. प्यायचं पाणी संपत आलं होतं, उरलेलं सगळं तुझ्यावर ओतलं. दोन्ही झाडांखालच्या माणसांनी तुला बैलगाडीत घातलं. रिसोडच्या दवाखान्याच्या वाटेवर अर्ध्यात तू गेलीस. मला संध्याकाळी कळलं. मी संघटनेच्या खोलीत बसून पत्रक लिहीत होतो. तुझ्या खोट्याशिवायचं.

ते लिहून होत नव्हतं, मावशी. प्रत्येक मसुदा एका जागी अडत होता. मंडळ म्हणेल, आम्ही तुमची मतं वाचली, विचारात घेतली. त्यावर माझ्याजवळ पुरावा काय? त्या संध्याकाळी सखूबाई तुझी बातमी घेऊन दारात उभी असताना मला कळलं की पुरावा एकच आहे, आणि तो म्हणजे तुझं खोटं. एकतीस पत्रिकांवर मशीन चालवणारी एक बाई आहे. ती पुस्तकात नाही. मंडळात एकाने, फक्त एकाने, एक पत्रिका वाचली असती तर त्याने विचारलं असतं, ही बाई कोण? कोणी विचारलं नाही. त्यांनी क्रमांक मोजले आणि कारणं टाकून दिली. तू जे लिही म्हणत होतीस तेच लिहिल्याशिवाय हे सिद्ध होत नव्हतं. तू त्यासाठी म्हणत नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. तू ते खरं होतं म्हणून म्हणत होतीस. मी डावपेच करत होतो आणि डावही मला कळत नव्हता.

म्हणून हे तुझ्या अटीवर लिहिलं आहे. तुझं खोटं यात आहे. माझंही आहे: मी न वाचता अंगठे घेतले. मंडळाने न वाचता मोजले, मी न वाचता पाठवले. आमच्यात तू एकटी होतीस जिने पानन् पान वाचलं आणि जिला तो शेवट लोकांच्या तोंडावर वाचवेना.

तरी मी म्हणतो, तू चुकलीस. भांडण सोडत नाही. त्या दिवशी तू छापलेलं वाचलं असतंस तर सखूबाईने तिथल्या तिथे त्या लेखकाची अशी सालटी काढली असती की ती पत्रिका वाचायला मला आयुष्य पुरलं नसतं. तू आपल्या माणसांना जपायला गेलीस आणि त्यांचा राग त्यांच्याकडून काढून घेतलास. पण हेही म्हणतो की तू रचलेला शेवट त्या पाचही पुस्तकांत नव्हता एवढा चांगला होता. ते तुला सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, टोपल्या डोक्यावर धरून बाया हसत होत्या तेव्हा. मी तेव्हा अंगठे मोजत होतो.

आता जो कोणी हा कागद हातात धरून आहे त्याला सांगतो. सहानुभूतीचं पत्र मला पाठवू नका. पुरस्कार मिळाल्यामुळे ते पुस्तक आता तुमच्या गावच्या वाचनालयात आलं असेल. ते मागून घ्या; त्याचं छापील नाव आणि मंडळाचा पत्ता या कागदाच्या मागे दिला आहे. शेवटचं प्रकरण काढा. ज्यांच्या हाताला खडीचे घट्टे आहेत आणि ज्यांना अक्षर येत नाही अशा चार माणसांना बोलवा आणि त्यांच्या तोंडावर ते मोठ्याने वाचा. वाचवेना तर थांबा, पण शब्द गाळू नका, बदलू नका. ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत कार्डावर लिहा, खाली त्यांचा अंगठा घ्या, आणि मंडळाला पाठवा. केनवडच्या एकतीस जणांनी मत मागे घेतलं हे मंडळ छापेपर्यंत पाठवत राहा. पहिलं कार्ड या आठवड्यात टाका.